ईदनंतरची गृहभेट

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
महिला साहाय्य कक्ष, रत्नागिरी.

अर्जदार : मरियम मन्सूर होडेकर, रा. बंदर मोहल्ला, मौजे खारवळे, ता. जि. रत्नागिरी.

विषय : रमजान महिन्यातील गृहभेटीवरून तक्रार निकाली न काढता ईदनंतर पुन्हा गृहभेट घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची जानेवारीतील तक्रार. २) आपल्या समुपदेशकांचा मार्चमधील गृहभेट अहवाल.

महोदय,

१. अर्जदाराने जानेवारीत पती मन्सूर यांच्याविरुद्ध मारहाणीची तक्रार दिली. पती मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत. बोट बंदराला लागली की ते दारू पिऊन घरी येतात आणि मारतात. तक्रार देताना अर्जदाराचे उजवे मनगट प्लास्टरमध्ये होते. आपल्या कार्यालयातून समुपदेशक श्रीमती संस्कृती सुर्वे घरी आल्या, तोवर रमजान सुरू झाला होता.

२. मॅडमनी पाहिले ते असे. पती डोक्यावर टोपी घालून पडवीत कुराण वाचत होते. मॅडम दिसताच उठले, खुर्ची पुसून दिली. इफ्तारीची फळे त्यांनी स्वतः चिरली. सासूबाई म्हणाल्या, "अशा माणसावर अर्ज कोण करतं?" पती व्यसनमुक्त व धार्मिक वृत्तीचे आहेत, घरातील वातावरण समाधानकारक आहे, सबब तक्रार निकाली काढण्यास हरकत नाही, असा अहवाल झाला.

३. अहवालातील एकही शब्द खोटा नाही. अर्जदाराची अडचण तीच आहे. पती नाटक करत नाहीत. रमजानचा चंद्र दिसला की बाटली बंद होते, तोंडात शिवी येत नाही, रात्रीची तरावीहची नमाज चुकत नाही. रोजा सोडताना मुलीला मांडीवर बसवून पहिला खजूर तिला भरवतात. दरवर्षी असेच होते. अर्जदार स्वतःही पाच वेळची नमाज या एकाच महिन्यात नेमाने पढते, त्यामुळे कुणाला नावे ठेवण्याचा तिचा हेतू नाही. मोहल्ल्यातील कित्येक घरांत या महिन्यात लागलेली चांगली सवय पुढेही टिकते. या घरात टिकत नाही.

४. मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी इफ्तारीसाठी केलेले कालवण अर्जदाराच्या हातून सांडले. मनगटात अजून जोर नाही. पतीने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. म्हणाले, "नशीब समज, रोजा आहे." अर्जदाराने हे मॅडमना सांगितले. त्यांनी नोंद केली की, पती रागावर ताबा ठेवतात हे अर्जदारास मान्य आहे.

५. गेल्या वर्षी बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, पतीने अर्जदाराचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले. चुलीपाशी शीरखुर्म्याचे पातेले अजून अर्धे भरलेले होते. अर्जदार जमातीच्या अध्यक्षांकडे गेली. ते म्हणाले, "बाय, महिनाभर फरिश्त्यासारखा वागला तो. तूच कायतरी बोलली असशील."

६. आता ईद जवळ आली आहे. मोहल्ला चंद्र शोधायला गच्चीवर जाईल, तेव्हा अर्जदार तो दिसू नये म्हणून दुआ मागत असेल. एकोणतिसाव्या रोज्याला नाही दिसला तर एक दिवस वाढून मिळतो. मुलगी झोया दुसरीत आहे. तिने आपले दप्तर आणि गणवेश शेजारच्या सगुणाकाकींकडे नेऊन ठेवला. का, असे विचारल्यावर म्हणाली, "ईद येतेय ना, अम्मी."

सबब विनंती की, पुढील गृहभेट बासी ईदला, न कळवता घ्यावी. रविवारची सुट्टी आड येत असल्यास सोमवारी यावे. मात्र सोमवारी अर्जदार बोलण्याच्या स्थितीत असेल याची खात्री देता येत नाही. तेही जमणार नसेल तर उत्पन्नाच्या दाखल्यावर असते तशी मुदत या अहवालावर टाकावी : "ईदचा चंद्र दिसेपर्यंत वैध." चंद्र दिसल्याचे मशिदीच्या भोंग्यावरून जाहीर होते, त्यामुळे तारखेबाबत कार्यालयाला शंका राहणार नाही.

७. हा अर्ज पतीपासून लपवलेला नाही. काल दुपारी उशिरा, असरच्या नमाजेनंतर त्यांनी वरील मजकूर पडवीत बसून शेवटपर्यंत वाचला. हा परिच्छेद त्यानंतर लिहिला आहे. सासूबाई आतून ओरडल्या, "फाडून टाक ते!" पतीने अर्ज फाडला नाही. म्हणाले, "बरोबर लिवलंस. ईदनंतर माझा मलाच भरवसा नाय. पेन दे." साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली आहे. रोजा असताना ते खोटे बोलत नाहीत, म्हणून ती सही ग्राह्य धरावी.

ईदनंतर चौकशी झाल्यास ही सही त्यांना दाखवू नये.

ईदच्या आधी उत्तर मिळावे या अपेक्षेत,
आपली नम्र,
(सही)
मरियम मन्सूर होडेकर
खारवळे, दि. १४ मार्च २०२६

सोबत : १) मनगटाच्या एक्स-रेची प्रत. २) गृहभेट अहवालाची प्रत.

साक्षीदार :
(सही)
मन्सूर होडेकर, अर्जदाराचे पती