बाजूला बसायचे चार दिवस

सातारा, मे १९७९

चि. सौ. वच्छला,

तुझ्या गोळ्यांचं विचारायला मी सकाळच्या एसटीनं सांगलीला तुझ्या डॉक्टरांकडे जाते आहे. छातीतली गाठ काढल्यावर ती परत होऊ नये म्हणून तुला रोज घ्यायला दिलेल्या गोळ्या काल मला तांदळाच्या डब्यात सापडल्या. असा संताप आला! शेजारच्या भामाबाईला विचारलं, तर म्हणाली, "आवं, गोळीनं तिची पाळी थांबली. बाजूला बसायचं न्हाई, मग चुलीपास्नं सुटका कवा? म्हणून सोडली तिनं."

अगं, मला सांगायला तोंड नव्हतं? मीही सून होते. त्या चार दिवसांची वाट बघायचे. परसात गोधडी शिवत बसायचे, आणि धाकटी जाऊ साळू लांबूनच नकला करून हसवायची. तिलाही गाठच झाली. तेव्हा ही गोळी नव्हती. तुझ्याच वयात गेली.

आता पाळी येवो न येवो, दर महिन्याला चार दिवस तू बाजूला बसायचंस. कुणी विचारलं तर कावळा शिवला म्हण. गोळी मात्र माझ्यासमोर गिळायची.

आजपासूनच बस. तुझा नवरा लालासाहेब रजेवर आलाय. पलटणीत स्वयंपाक केल्याच्या फुशारक्या मारतो ना, त्याला म्हणावं, थाप भाकरी.

तुझी सासू