कोंडाळं बंद

रविवार, ४ जानेवारी. संध्याकाळी ६
लाखनीला हरवलं. १९-६. जिल्हा स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये पवनी. टीम माझी, चाली माझ्या. फोटोत मात्र मी अर्धाच आलो. फोटो बायकोने, कुंताने काढला.

पुढे आठवण राहावी म्हणून लिहून ठेवतो. खेळ फ्लॅग फुटबॉल. पाच-पाच मुली, लांबुळका बॉल. कमरेला दोन पट्ट्या. बॉलवालीची पट्टी ओढली की डाव संपला. चार डावांत अर्धं मैदान पार करायचं, पुढच्या चारांत शेवटची लाइन गाठायची. लाइन गाठली की सहा पॉइंट, वर एक एक्स्ट्रा पॉइंटची संधी. धक्काबुक्की नाही. दोन वर्षांपूर्वी मी हा खेळ मोबाइलवर पाहिला आणि पवनीत आणला. झेरॉक्सच्या दुकानात बसून माणूस एवढं करू शकतो.

एक दोष आज ध्यानात आला. प्रत्येक डावाआधी पोरी डोक्याला डोकं लावून कोंडाळं करतात. मी बाहेरून चाल सांगतो, कॅप्टन रक्षा ती कोंडाळ्यात बाकीच्यांना सांगते. एवढ्यासाठी वीस सेकंद. आज एकतीस कोंडाळी मोजली. दहा मिनिटं पाण्यात. अमेरिकेतल्या हुशार टीमा कोंडाळं करतच नाहीत. नो-हडल म्हणतात त्याला. एक डाव संपला की लगेच दुसरा. समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही.

निर्णय: १८ तारखेची सेमीफायनल नो-हडल. भंडाऱ्याला, चिखल्याच्या मुलींशी.
संकल्प: रोज पाचला उठणे. ग्राउंडवर न ओरडणे. कुंताशी खेळाची चर्चा न करणे, कारण तिला त्यातलं कळत नाही.

सोमवार, ५ जानेवारी
उठलो ७.१०. थंडी फार. शिवाय कोचचं काम डोक्याचं असतं, डोक्याला झोप लागते.

संध्याकाळी प्रॅक्टिसला जाहीर केलं की आजपासून कोंडाळं बंद. रक्षाने विचारलं, "मंग काका, आमी बोलाचं कवा?" म्हटलं, बोलायचं नाही. मी बोलतो. सर्व जणी गप्प राहिल्या. आदर दिसला. आमची लेक हर्षा बराच वेळ बुटाची लेस बांधत होती.

मंगळवार, ६ जानेवारी
दुकान अर्धा दिवस बंद. मनगटावर बांधायचे चालींचे कार्ड तयार केले. एका कार्डावर चाळीस चाली. लॅमिनेशन पक्कं.

रक्षाने कार्ड डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, मग म्हणाली, "काका, हे मुंगीनं लिवलं का?" तिला गाजर खायला सांगितलं. मलाही वाचता आलं नाही, पण दुकानातला उजेड कमी आहे.

गुरुवार, ८ जानेवारी
कार्ड रद्द. त्याहून आधुनिक उपाय सापडला. मोठाले बोर्ड. बोर्डावर चित्र. चित्र दिसलं की चाल कळली. कुकर म्हणजे लांब फेक. म्हैस म्हणजे बॉल घेऊन पळणे. वांगं म्हणजे जवळची फेक. एसटी म्हणजे उजवीकडून वळसा. चाळीसच्या चार केल्या. मोठे कोच असंच करतात.

बोर्ड उचलायला माणूस पाहिजे. कुंताला म्हटलं. ती म्हणाली, "उचलते, पण खुर्ची पाहिजे." चर्चा केली नाही, फक्त काम सांगितलं. संकल्प शाबूत.

शुक्रवार, ९ जानेवारी
आमचं ग्राउंड म्हणजे रक्षाच्या मामाची धान कापलेली बांधी. वीस तारखेला मामा तिच्यात उन्हाळी धानासाठी पाणी सोडणार. तोवर आमची.

आज पहिली पूर्ण नो-हडल प्रॅक्टिस. दोन डावांच्या मध्ये फक्त अकरा सेकंद. लाखनीला वीस होते. जवळपास निम्मे. डाव एकही लागला नाही, पण स्पीड उत्तम. टीममधली शालू मध्येच बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसली आणि ओकली. सकाळचे पोहे जड झाले असतील. मलाही धाप लागली होती, मी उभाच होतो तरी.

प्रॅक्टिस संपल्यावर रक्षा थांबली. या वर्षी ती पोलीस भरतीला बसते आहे. राज्य स्पर्धा खेळल्याचं सर्टिफिकेट मिळालं तर तिचं काम सोपं होईल. म्हणाली, "काका, हे आखरीचं साल हाय माजं. चौथ्या डावाले तरी कोंडाळं करू द्या." मी म्हटलं, अर्धवट क्रांती होत नसते. तिने मान डोलावली आणि सायकल काढली. अड्याळपर्यंत तिला अंधार होतो. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिस लवकर सोडायचं ठरवलं.

रविवार, ११ जानेवारी
गुप्त मोहीम. मोटरसायकलने थेट चिखला. जाऊन येऊन दोनशेच्या वर किलोमीटर. कंबर कामातून गेली.

खाणीच्या कॉलनीमागे त्यांचं ग्राउंड. झाडाआडून पाहत होतो. कोच सुखरामजी, मॅंगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले, स्वतःच आले आणि म्हणाले, "पवनीचे का तुमी? झाडामागं कायले, खुर्ची हाय ना." चहा दिला. सगळ्या चाली समोर बसून दाखवल्या. साधा माणूस. गुप्तता म्हणजे काय ते माहीत नाही.

त्यांच्या पोरी पूर्ण पंचवीस सेकंद कोंडाळं करतात. मी म्हटलं, वेळ जातो. ते म्हणाले, "तीस साल खाली उतरलो मी. उतराच्या आंधी सारे एका जागी उभे राहाचो. कोण कुठं हाय, कोणाचा जीव बरा हाय, ते पाहाचो. मंगच उतराचो." खाणीचा आणि खेळाचा काय संबंध? जुन्या पिढीचा प्रॉब्लेम हा आहे.

मी आमचं काहीच फोडलं नाही. एवढंच सांगितलं की आम्ही कोंडाळं करणार नाही, बोर्ड वापरणार, आणि कुकर म्हणजे लांब फेक. त्यांनी विचारलं, "मंग पोरींले दम कवा भेटते?" मी नुसता हसलो.

बुधवार, १४ जानेवारी
घरी कुंताचं हळदीकुंकू. बायकांसमोर तिळगुळाची परात तिने म्हशीच्या बोर्डावर मांडली. तीळ चिकटले. पुसल्यावर टोनर पसरला. आता म्हैस आणि वांगं थोडे सारखे दिसतात. लांबून फरक कळतो.

शनिवार, १७ जानेवारी
घसा बसतो आहे. आठवडाभर ओरडलो. पण ते ओरडणं नव्हतं, सूचना होत्या.

हर्षाने जेवताना विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच वाटते का हे जमेल?" म्हटलं, शंभर टक्के. ती ताट घेऊन आईजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. उद्याच्या डब्याचं असेल.

रविवार, १८ जानेवारी. सकाळी ९.४०, भंडारा
मैदान छान. वारा जोरात. आमच्या पोरी तयार. कुंता खुर्चीवर, चारही बोर्ड मांडीवर. सुखरामजी समोरच्या बाजूला फुटाणे खात बसले आहेत. बिचारे.

१०.३५. हाफ टाइम. मैदानामागच्या पाण्याच्या टाकीजवळ
०-१३.

कारणं: १) वारा. एसटीचा बोर्ड उडून पंचाच्या पायाजवळ पडला. २) म्हैस दाखवली, रक्षाने वांगं समजून फेकलं. शालू म्हैस समजून पळाली. बॉल चिखल्याच्या पोरीच्या हातात. ३) कुकर दाखवला की चिखल्याच्या सर्व जणी आपणहून मागे जाऊन उभ्या. त्यांना कसं कळलं, शोध घ्यावा लागेल. ४) आमचे चार डाव दीड मिनिटात संपतात, मग त्याच पाच पोरी लगेच बचावाला. शालू उभी राहू शकत नाही. त्यांच्या पोरी पंचवीस सेकंद आरामात कोंडाळं करतात, पाणी पितात.

माझा आवाज पूर्ण गेला. तोंड उघडतो, हवा निघते.

१०.४२
लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

पोरींना काही सांगता येत नव्हतं म्हणून हातवारे करत होतो. हर्षा म्हणाली, "बाबा, एक मिनिट बसा." बसलो. ती म्हणाली, लाखनीच्या मॅचमध्ये कोंडाळ्यात रक्षा तुमची चाल सांगायचीच नाही. कोण थकली, समोरची कोणती मुलगी हळू पळते, ते एकमेकींना विचारून त्या जागीच ठरवायच्या. तुमची चाल आम्ही एकदाच खेळलो. लाखनीचे सहा पॉइंट त्यातूनच आले.

रक्षा जमिनीकडे पाहत होती. म्हणाली, "काका, तुमाले वाईट वाटंन म्हून सांगतलं नाई." तिचे डोळे भरले होते. तिला मी वाईट वाटून घेतो याचं दुःख होतं की तिचं आखरीचं साल चाललं याचं, कळलं नाही. दोन्हीचं असेल.

कुंता खुर्चीवरून म्हणाली, "मले तं पहिल्या मॅचपासून माहीत हाय." मग तिने चारही बोर्ड एकावर एक रचून खुर्चीखाली सारले.

बोलायला आवाज नव्हता. मी हाताने गोल करून दाखवला. कोंडाळं करा.

संध्याकाळी ७.३०, घरी
जिंकलो. १४-१३.

दुसऱ्या हाफमध्ये पोरी प्रत्येक डावाआधी जवळ आल्या. शालूला श्वास मिळाला. चिखल्याला एक पॉइंट वाढू दिला नाही. दहा मिनिटं राहिली असताना टीममधल्या अड्याळच्या दोघी सारख्या दिसणाऱ्या बहिणींपैकी एकीने लाइन गाठली, दुसरीने एक्स्ट्रा पॉइंट. कोणती कोणती ते मला अजून ओळखता येत नाही. ७-१३.

मग शेवटचं एक मिनिट चाळीस सेकंद. बॉल आमच्याकडे, पण आमच्याच टोकाला. घड्याळ थांबत नाही. कोंडाळं करत बसलं असतं तर तीन डावांत वेळ संपला असता. रक्षाने पोरींना एकदाच जवळ बोलावलं, एकदाच. डोकी नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली होती. मग त्या वेगळ्या झाल्या आणि परत एकत्र आल्याच नाहीत. रक्षा लाइनवर येऊन फक्त म्हणाली, "परे." डाव. अर्धं मैदान जवळ आलं. "रोवणा." डाव. पार. "कापणी." बॉल खाली पडला. "चुरणा."

नंतर विचारलं तर म्हणाली, कोंडाळ्यात चार चाली ठरवल्या आणि त्यांना धानाच्या कामांची नावं दिली. रोपांचे परे टाकल्यावर रोवणा, रोवण्यानंतर कापणी, कापणीनंतर मळणीचा चुरणा. "हा क्रम आमच्यातल्या कोणाले पाठ करावा लागते काका?"

चुरण्याचा बॉल हर्षाकडे आला. ती माझ्या समोरून, साइडलाइनच्या अगदी कडेने गेली. दोन वर्षं मी तिच्या प्रत्येक मॅचला आहे, पण माझी नजर कायम हातातल्या कागदावर. ती पळताना अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मागे दोन पोरी पट्टीला हात घालत होत्या आणि ती कंबर वळवून निसटली, दोनदा. लाइन ओलांडल्यावर बॉल पंचाला नीट हातात दिला. १३-१३. शालूने एक्स्ट्रा पॉइंट घेतला आणि तिथेच आडवी झाली.

मी कुंताच्या खुर्चीवर बसलो होतो. ती कधी उठली होती कळलं नाही. मैदानात होती, पोरींच्या मधोमध.

सुखरामजी येऊन हात मिळवून गेले. म्हणाले, "पोरी चांगल्या तयार केल्या." आवाज नसल्यामुळे मी नाकारू शकलो नाही.

शांतपणे विचार करता: शेवटचे चार डाव नो-हडल होते. म्हणजे माझी थिअरी बरोबर होती. फक्त अंमलबजावणी दुसऱ्यांची.

गुरुवार, २२ जानेवारी
फायनल नाही. तुमसरच्या टीमने नाव मागे घेतलं, त्यांच्या परीक्षा आहेत. राज्य स्पर्धेला भंडारा जिल्हा म्हणून आमचीच टीम, अधिक चिखल्याच्या तीन मुली. स्पर्धा सांगलीला.

फॉर्म आला. कोच: सर्टिफिकेट कोर्स केलेला पाहिजे. माझा कोर्स मोबाइलवर झाला, त्याचं सर्टिफिकेट नसतं. सुखरामजींनी कोर्स केलेला आहे. म्हणजे रिटायर झाल्यावर हा माणूस गप्प बसलेला नव्हता. टीम मॅनेजर: मुलींच्या टीमसोबत बाई पाहिजे. हर्षाने मला न विचारता आईचं नाव लिहिलं. तिसऱ्या माणसाला जागा नाही.

दुकानात माझ्यासाठी लेटरहेड छापलं. मुख्य सल्लागार. पन्नास प्रती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
टीम गेली. स्टॅंडवर सोडायला गेलो. रक्षाला पाणी, ओआरएस आणि एक लेटरहेड दिलं. तिने लेटरहेड वाचलं, नीट घडी घातली आणि बॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. मग म्हणाली, "काका, आवाज आला का?" म्हटलं, येऊन राहिला. "मंग तिकडून फोन करतो आमी."

कुंता खिडकीजवळ बसली होती. टीमचा निळा टी-शर्ट, त्याच्यावर स्वेटर. गळ्यात शिट्टी. शिट्टी कुठून आली विचारायचं राहून गेलं.

रविवार, ८ फेब्रुवारी. दुपारी १२
पहिली मॅच ११ ला होती. फोनची वाट पाहिली. रक्षाचा आला नाही. मैदानावर फोन बंद ठेवतात.

मीच कुंताला लावला. तिने उचलला. हाफ टाइम, ६-६. मी म्हटलं, लिहून घे, मी तीन सूचना काढून ठेवल्या आहेत. ती म्हणाली, समोरच्यांची डावीकडची मुलगी तिसऱ्या डावाला हमखास दमते, तिच्या बाजूने जायचं ठरवून राहिलो. मी विचारलं, हे कोणी पाहिलं? म्हणाली, मी.

मी पहिली सूचना सुरू केली. ती म्हणाली, "थांबा, पोरी बोलावून राहिल्या. कोंडाळं हाय." म्हटलं, फोन चालू ठेव, ऐकू दे, काय बोलता आत?

म्हणाली, "कोंडाळ्यातलं बाहेर सांगत नसतात."