दोन घरांमधलं वळण

लुगो,
१२ मार्च १९६९

चि. लेआर्कोस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा मी कंटाळलो तेव्हा शेजारणीला बोलावलं. कारखान्याने तुला दोन मोटारसायकली दिल्या, दोन मेकॅनिक दिले, सकाळी इंजिन गरम करून ठेवायलासुद्धा माणूस आहे, हे वाचून बरं वाटलं. मी आठ हंगाम माझं इंजिन स्वतःच गरम केलं आणि व्हॅनमध्ये स्टोव्हशेजारी झोपलो. तेव्हा एवढंच सांगतो, हात काळे करायची सवय सोडू नकोस. बोटं फार लवकर विसरतात.

इकडे सगळं ठीक. एव्हारिस्तो न्हाव्याने आरशावरचा माझा फोटो काढून तुझा लावला. माझा कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणतो, आहे की आत, टॉवेलांच्या कपाटावर, तिथे उजेड चांगला येतो. काल गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक आलं आणि विचारू लागलं, लेआर्कोचा भाऊ तो तूच का? गेल्या वर्षापर्यंत लोक तुला ओरियानोचा धाकटा म्हणायचे. तू विसरला असशील.

नोव्हेंबरात कारखान्याच्या चाचणीत एकाच गाडीवर आपण दोघं आळीपाळीने बसलो आणि तू सेकंदाच्या तीन दशांशाने पुढे निघालास. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. मी घरी आरशासमोर बसून पाहिलं.

आई तुझे गाल कुरवाळते आहे असं समज. भावावरची माया असू दे, भिंतीवर फोटो नसला तरी.

तुझा दादा,
ओरियानो


माद्रिद,
५ मे १९६९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सहावा आलो. साहेब म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मानाने वाईट नाही. मेकॅनिक मला पाहुण्याच्या पोरासारखे जपतात, आणि हॉटेलच्या खोलीत चक्क वेगळं न्हाणीघर आहे. तू असतास तर टबात बसून गाणी म्हटली असतीस आणि शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली असती.

संघात माझ्याबरोबर ऊर्स नावाचा एक स्विस आहे. फारसा बोलत नाही, आणि बोलला की टोचतो. जुलैत बेल्जियमची शर्यत आहे. काल तो म्हणाला, तिथे लांबलचक सरळ रस्त्याच्या मध्ये दोन घरांमधून एक वळण जातं, तिथे जो वेगाची मूठ सोडत नाही तोच खरा रेसर, बाकीचे सहलीला आलेले. मी ताठ मानेने सांगितलं, माझ्या भावाने तिथे कधीच मूठ सोडली नाही. सोळा वर्षांचा असल्यापासून बारमध्ये तुझ्या तोंडून ऐकत आलोय ते.

तेव्हा दादा, नीट लिही. कुठे बघायचं, कितव्या गिअरमध्ये जायचं, अंग कधी टाकायचं. तू दोनदा धावलायस तिथे, मी रस्ता पाहिलेलासुद्धा नाही. शर्यतीआधी आठवडाभर योले ताईकडेच उतरणार आहे.

आईला नमस्कार. उत्तराची वाट बघतो, आणि तुझ्या रागावण्याचीही, कारण त्याशिवाय पत्र तुझं वाटत नाही.

तुझा,
लेआर्को


लुगो,
२० मे १९६९

चि. लेआर्कोस,
अ. आ.

सहावा आल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. फोटोत तुझी कोपरं बाहेर आलेली दिसतात. शंभरदा सांगून झालंय.

गेल्या रविवारी समुद्रकाठच्या शर्यतीच्या मंडळींनी मलाही बोलावलं होतं. वाटलं, जुन्या ओळखीने एखादी गाडी देतील. त्यांनी झेंडा दिला! भोंग्यावरून सांगितलं, लेआर्को झाऊलींचे बंधू आता शर्यत सुरू करतील. मी केली सुरू. एकवीस जण माझ्या नाकासमोरून गेले आणि मी फडकं हातात घेऊन उभा.

आता तुझं वळण. सहाव्या गिअरमध्ये, हनुवटी टाकीवर, डोळे उजव्या घराच्या हिरव्या दारावर. मूठ पूर्ण पिळलेली ठेवायची आणि सोडायची नाही. ऊन असो, पाऊस असो. मी कधी सोडली नाही. तुझं तू ठरव.

आईचे गुडघे दुखतात. तुला कळवू नको म्हणाली, म्हणून कळवतो. जमेल तेवढा लोभ ठेव.

ओरियानो


सरेँ, बेल्जियम,
३० जून १९६९

ती. दादास,
योलेचा नमस्कार, वि. वि.

लेआर्को काल सुखरूप पोचला. मुलं त्याला सोडत नाहीत. तुल्लियोने तर खाणीतली पाळी बदलून घेतली, मेव्हण्याबरोबर मिरवायचंय ना! मी आपल्याकडच्या पियादीना पोळ्या केल्या. इथलं पीठ चांगलं नाही, तरी त्याने सहा खाल्ल्या.

दादा, हे पत्र मी जलद टपालाने पाठवतेय, त्याला कारण आहे. रात्रीच्या जेवणाला त्याने तुझं पत्र काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. ऊन असो, पाऊस असो, हे तर दोनदा. मग घडी घालून चामडी पोशाखाच्या आतल्या खिशात ठेवलं. तुल्लियो माझ्याकडे बघायला लागला आणि मी ताटं उचलायला लागले.

सदुसष्ट साली तू इथे पावसात धावलास तेव्हा मी त्याच हिरव्या दाराशी छत्री धरून उभी होते, धाकटी कडेवर. वरच्या शेतातून पाण्याचा लोट रस्त्यावरून वाहत होता. आणि दर फेरीला तिथे आलं की तुझ्या इंजिनाचा आवाज खाली यायचा. दर फेरीला, दादा. तुल्लियो म्हणालाही, तुझा भाऊ देवाला भिणारा दिसतो. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला होता.

मग असं का लिहिलंस? विसरलास म्हणावं, तर तू विसरणारा नाहीस. मी त्याला काही बोलले नाही. मी सांगितलं तर त्याला वाटेल, ताईचा जीव घाबरा आहे. हे तूच सांगायला हवं. शर्यत रविवारी आहे आणि इथे रोज पाऊस पडतो.

मी रागावलेली नाही, भ्यायलेय. घाई कर.

योले


लुगो,
४ जुलै १९६९

प्रिय योलेस,
आशीर्वाद.

हे पत्र पोचायच्या आत तुझ्या पत्त्यावर लेआर्कोच्या नावाची तार आली असेल. त्यात असं आहे: दोन घरांपाशी पावसात मूठ सोड. पाणी रस्त्यावरून वाहतं. मी दर फेरीला सोडत होतो. ओरियानो.

तारमास्तर जरा बहिरा आहे. त्याने चूक नको म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या मागे रांगेत एव्हारिस्तो न्हावी होता. दुपारपर्यंत साऱ्या लुगोला कळलं. बारमध्ये गेलो तर पत्ते खेळणाऱ्यांनी माना पत्त्यांत घातल्या. कोणी चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

का लिहिलं ते मला ठाऊक आहे, तुलाही आहे. कागदावर नको. त्याला तार मिळाली एवढं कळव. मग मला हवं ते बोल.

ओरियानो


सरेँ,
८ जुलै १९६९

दादास,
नमस्कार.

तुझी तार शनिवारी सकाळी मिळाली. ताईने ती वाचली आणि दारातल्या पायरीवरच बसली.

शर्यतीत तिसऱ्या फेरीला पाऊस आला. वरच्या शेतातलं पाणी तू म्हणतोस तसंच आलं, विटकरी रंगाचं. मी तिथे दर फेरीला मूठ सोडली. सहाव्या फेरीत ऊर्स मला तिथेच मागे टाकून गेला, न सोडता, आणि जाताना त्याने मान वळवून बघितलं. मग त्याचं मागचं चाक घसरलं. पाय दोन ठिकाणी मोडलाय. इस्पितळात भेटायला गेलो तर म्हणाला, तुझा भाऊ कसं करायचा रे? मी त्याची उशी नीट केली. मी दुसरा आलो.

आता माझं ऐक. शुक्रवारी सरावाला ऊन होतं, रस्ता कोरडा ठणठणीत. तुझं पत्र छातीशी. दर फेरीला ठरवायचो, आता नाही सोडायची, आणि दर फेरीला हात आपोआप सुटायचा. संध्याकाळी ताईच्या सशांच्या पिंजऱ्यामागे जाऊन रडलो. कारखाना मिळाला, गाड्या मिळाल्या, तरी दादाच्या अंगात आहे ते आपल्यात नाही, असं वाटलं. सोळाव्या वर्षापासून मी तुझ्यावर जळतोय, दादा. तुला कधी दिसलं नाही, कारण तू आरशात बघत होतास. आणि जे तुझ्याकडे कधी नव्हतंच त्याच्यावर मी जळत होतो! हसू की तुला बडवू ते कळत नाही.

पण पाऊस असो, हे तू मुद्दाम लिहिलंस. ताईला विचारलं, तर ती भांडी घासत राहिली. पत्रात उत्तर नको. सप्टेंबरात इमोलाला शर्यत आहे, घरापासून तासाभरावर. तिथे ये आणि तोंडावर सांग.

लोभाचं तेव्हाच बघू.

लेआर्को


लुगो,
८ सप्टेंबर १९६९

प्रिय योलेस,
अ. आ.

काल इमोलाला गेलो. आईही हट्टाने आली, दुखऱ्या गुडघ्यांसकट, मांडीवर सारण भरलेल्या काप्पेलेत्तीचं पातेलं घेऊन.

शर्यतीआधी त्याला गाठलं. सांगितलं की मी विसरलो नव्हतो. त्याला म्हटलं, तू पडावास असं वाटलं नव्हतं, नुसतं तिथे पोचल्यावर घाबरावास एवढंच वाटलं होतं. मग मलाच ते पटेना. म्हटलं, नाही, थोडं पडावास असंही वाटलं होतं. महिनाभर हेच वाटत होतं, रोज गॅरेज उघडताना. त्याने हातातला हातमोजा माझ्या तोंडावर हाणला. मेकॅनिक दुसरीकडे बघायला लागले. गाल अजून हुळहुळतोय. मग तो म्हणाला, फेऱ्या दाखवायची पाटी धरायला माणूस कमी आहे, धर.

मी धरली. दर फेरीला तो समोरून जायचा आणि माझी उजवी मूठ पाटीच्या दांड्यावर आपोआप पिळली जायची. योले, ते गेलेलं नाही. तार केली, मार खाल्ला, तरी पोटातली आग आहे तिथेच आहे. तुला खोटं कशाला सांगू?

शेवटच्या फेरीपर्यंत तो तिसरा होता. रेषेवर एका हंगेरियनाने त्याला चाकभर मागे टाकलं. चौथा. आणि मी हसलो. तोंडावर हात ठेवायच्या आत हसलो, आणि त्याने पाहिलं.

शिरस्त्राण काढून तो सरळ माझ्याकडे आला आणि विचारलं, का हसलास? चार सबबी जिभेवर आल्या. मी म्हटलं, तू तिसरा आला नाहीस म्हणून. त्याने हातातलं शिरस्त्राण खाली ठेवलं. मग एका सुट्या टायरवर बसला, मेकॅनिकची पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाला, पुढच्या रविवारी युगोस्लाव्हियात आहे, समुद्राच्या कड्यावरून रस्ता जातो, तू तिथे धावलायस. आता सांग, आता तू खरं सांगशील.

मी सांगायला बसलो. पहिल्या वळणापासून, कुठे कसं जायचं, आणि कुठे कुठे भ्यायलो तेही, आजवर कोणाला न सांगितलेलं. तो लिहून घेत होता. आई दोनदा हाक मारून गेली. काप्पेलेत्ती गार झाली तरी आमची अजून निम्मी फेरी बाकी होती.

तुल्लियोला नमस्कार, पोरांना पापे. मी आहे हा असा आहे. तरी माया करत जा.

तुझा दादा,
ओरियानो