चौथ्या टप्प्यावरचं बंद गोदाम

३ मार्च, रविवार

आज सकाळी साडेअकराला सगळं बदललं. दुकानाचं दार उघडून सिवार आत आली, आणि ते दार तिच्यासाठी धरून उभा होता गैथ.

दीड वर्षात ती इकडे एकदाही फिरकली नव्हती. मी आर्किटेक्चरचं कॉलेज सोडलं त्यानंतर नुसते मेसेज. सोडलं म्हणजे काय – परीक्षकांच्या नाकासमोर माझी शीट मीच टराटरा फाडली आणि चालता झालो. आणि आज ती समोर! तसंच हसली. आधी डोळे हसतात, तोंड नंतर. मी शाईचे हात पँटला पुसतोय तोवर गैथ म्हणतो, "उस्ताद, हे छापायचंय. जरा जपून हां."

उस्ताद! अडीच वर्षं एका टेबलाला बसलो आम्ही. त्याला सरळ रेघ ओढता येत नव्हती, माझ्या शीटवरून उतरवायचा. आता मी उस्ताद. नळ दुरुस्त करणारा, पंक्चर काढणारा, तसा.

विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. जोफाच्या डोंगरावरचा जुना जिना, खालच्या बाजारापासून वरच्या रस्त्यापर्यंत, तो माणसांना टेकायला, सावलीला, पोरांना खेळायला कसा करता येईल ते मांडायचं. सगळ्या अम्मानमध्ये शंभर जिने असतील. ह्यांना मिळाला तो आमचा! मी रोज चढतो तो!

"बक्षीस काय?" मी विचारलं.

"तीन महिने बार्सिलोना," सिवार म्हणाली.

"एकाला?"

"जोडीला," गैथ म्हणाला. आणि हे म्हणताना त्याला तिच्याकडे बघायची काय गरज होती?

आमचे मालक अबू सनद आतून ओरडले, "मुअय्यद, मशीनकडे बघ! पोरीकडे बघून कागद सरळ येत नाही."

तिनं ऐकलं. नक्की ऐकलं. कान लाल झाले माझे.

४ मार्च, सोमवार

तीन महिने. बार्सिलोना. जोडी!

६ मार्च, बुधवार

आज शेवटची शीट छापायला गैथ एकटाच आला. गाडी दुकानासमोर आडवी लावून. मालकाला एक कॉफी, मला एक. म्हणे, "घे उस्ताद, तुझ्याशिवाय आमचं काही खरं नाही." मी ती कॉफी मोरीत ओतली.

शीटवर नावं चालत नाहीत, नुसता आकडा. पण कुठली रेघ कुणाची ते मला कळतं. झाडं सिवारची. पायऱ्यांवर बसलेली माणसं सिवारची – ती माणसं नेहमी पाठमोरी काढते. रंग गैथचे, भडक.

मशीन हळूहळू कागद बाहेर सोडत होतं. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. चौथा टप्पा बाहेर आला आणि मी मोठ्यानं हसलो. चौथ्या टप्प्यावर डाव्या हाताला लांबलचक दगडी बाक, त्याच्यामागे मातीचे वाफे, त्यावर बोगनवेल. आणि हे सगळं बरोब्बर आमच्या दारासमोर! आमचं हिरवं लोखंडी दार, ज्यातून मी आज सकाळी बाहेर पडलो, ते ह्यांनी बुजवून टाकलंय. बाजूला बारीक अक्षरात – 'बंद गोदाम'.

आई बाहेर कशी यायची? बोगनवेलीवरून उडी मारून?

एक शब्द बोललो असतो तर दहा मिनिटांत दुरुस्त झालं असतं. नाही बोललो. उलट चांगला जाड कागद लावला, कडा सुरीनं स्वच्छ कापून दिल्या. "कमाल छापलंस," गैथ म्हणाला.

असू दे. कमाल तर पुढे आहे!

८ मार्च, शुक्रवार

नमाजाहून येऊन बसलो. आई मकलूबाचा भात उलटा करत होती, पातेल्यावर थाळा धरून. खिडकीतून तिला गैथ दिसला, टप्प्यावर कॅमेरा घेऊन उभा, आमच्या दाराकडे पाठ करून.

"कुणाचा पोरगा आहे रे? उन्हात उभा आहे केव्हाचा. बोलव त्याला, भात गरम आहे."

"नको."

"दारात माणूस उभा आणि आपण जेवायचं? तुझ्या बापानं असं कधी केलं नाही."

"आई, तो फोटो काढतोय, जाईल!" – मी ओरडलो. खिडकीचा पडदा मी ओढला. मग जेवण जाईना.

त्याच्याकडे कॅमेरा आहे, गाडी आहे, सिवार आहे. आमचा भातपण त्याला द्यायचा?

१७ मार्च, रविवार

सिवार एकटी आली! पाच जोड्या निवडल्यात, त्यांत ह्यांची. ३० तारखेला परीक्षक स्वतः जिना चढत येणार, आणि प्रत्येक जोडीनं जागेवर उभं राहून आपलं काम समजावून सांगायचं. इतकी खूश होती की काउंटरवर दोन्ही तळहात आपटले.

मग म्हणाली, "अर्धं श्रेय तुझं आहे, वेड्या."

मला वाटलं छपाईचं म्हणतेय.

"दुसऱ्या वर्षी तू ह्या जिन्याची पाहणी केली होतीस ना? दारन् दार मोजून? तो नकाशा मी जपून ठेवला होता. गैथ म्हणत होता, पुन्हा मोजू या. मी म्हटलं, मुअय्यदची मापं चुकत नाहीत."

कागदाचा गठ्ठा उचलून ह्या फळीवरून त्या फळीवर ठेवला.

आता इथे तरी खरं लिहावं. 'बंद गोदाम' मीच लिहिलं होतं. माझ्या हातानं.

पाहणीत प्रत्येक दाराला लिहायचं होतं – घर, दुकान, बंद. बेचाळीस दारं होती. ती शीट कॉलेजच्या व्हरांड्यात महिनाभर लटकणार होती आणि मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की आम्ही तिसऱ्या चौकाजवळ राहतो, श्रीमंतांच्या वस्तीत. सिवारलाही. तिचं घर तिकडे आहे म्हणून. आमच्या दाराशी आलो, आतून आईच्या शिलाईमशीनचा आवाज येत होता, आणि मी उभ्याउभ्या लिहिलं – बंद गोदाम. कुणाला कळलं नाही. गंज चढलेलं दार, कोण दुसरं काय समजणार?

एकेचाळीस दारं खरी लिहिली मी. एक सोडून.

१८ मार्च, सोमवार

सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. ते दार माझं. तिसरा चौक खोटा. तू विश्वास ठेवलास तो नकाशा खोटा.

नाही सांगितलं तर? तिचाच मेसेज – "बोलणार गैथ. मी जिन्याचं मॉडेल धरून उभी राहणार." म्हणजे तोंडघशी कोण पडणार? गैथ. सिवारला कोण काय म्हणेल? मॉडेल तर तिनं सुंदरच केलंय.

मी रात्रंदिवस हेच घोकतोय. पाठ होतंय, पण पटत नाही.

२० मार्च, बुधवार

शेवटी गेलो. अबू सनदना म्हटलं पोटात दुखतंय. ते म्हणाले, "पोटात नाही, चार बोटं वर दुखतंय. जा."

मी सांगणार होतो! शपथ. वाक्य तयार होतं – सिवार, चौथ्या टप्प्यावर एक घर आहे. एवढंच.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर दोघं कठड्यावर बसले होते. मॉडेल गैथच्या मांडीवर, त्याचे दोन्ही हात त्यात अडकलेले. आणि सिवार त्याला फलाफलचा घास भरवत होती. हात मोकळे नाहीत म्हणून भरवत असेल. असेल! पण तो तोंड उघडून हसत होता आणि तीही हसत होती, आणि तिच्या बोटाला लागलेली चटणी तिनं त्याच्या बाहीला पुसली.

मी परत फिरलो. बस नको वाटली, चालत आलो, आठ किलोमीटर.

पडू दे त्याला! सगळ्यांसमोर पडू दे!

२४ मार्च, रविवार

सिवारचा फोन. घेतला नाही.

२६ मार्च, मंगळवार

पुन्हा फोन. घेतला. "तू येशील ना शनिवारी जिन्यावर? तुझा नकाशा आहे म्हणून म्हणते. तिकडून टॅक्सीनं ये, तुला लांब नाही."

तिकडून. तिसऱ्या चौकाकडून. "बघतो," म्हटलं.

"बघतो काय? मुअय्यद, तू रागावलायस का?"

"कुणावर?"

"मला काय माहीत? तू नेहमी कुणावर तरी रागावलेला असतोस."

मी फोन ठेवला. ती बरोबर बोलली म्हणून जास्त राग आला.

२९ मार्च, शुक्रवार

उद्या अकरा वाजता. दाराआड थांबायचं. गैथ 'बंद गोदाम' म्हणाला रे म्हणाला, की दार उघडायचं आणि म्हणायचं, "अहलन उस्ताद, आत या." त्याचं तोंड बघायचंय मला. फक्त तोंड.

३० मार्च, शनिवार

आले. सव्वाअकरा झाले असतील. मी कडीवर हात ठेवून उभा. पाच-सहा जणांच्या चपलांचा आवाज, कुणाचातरी दम लागलेला. मग गैथचा आवाज – "हा टप्पा सध्या मृत आहे. इथे एक बंद गोदाम आहे, त्यामुळे इथे आम्ही –"

"थांब रे पोरा," एक म्हातारी बाई. परीक्षक असणार. "बंद गोदामाबाहेर ही ओली फरशी कुणी पुसली? आणि ह्या बायकी सपाता कुणाच्या?"

माझी वेळ हीच होती. हसू येईल असं वाटलं होतं.

"पाहणी कुणाची ही? ह्या बाकानं एका घराचं दार बुजतंय."

गैथ चाचरला. "पाहणी म्हणजे... ती आमची नाही, ती एका –"

"माझी आहे," सिवार म्हणाली. "मोजमाप मी केलं. लिहिलं मी."

"स्वतः येऊन?"

"स्वतः येऊन."

"मग मुली, तू न बघता लिहिलंस. खोटी पाहणी म्हणजे स्पर्धेतून बाद, ते ठीक. पण हे मला तुमच्या विद्यापीठाला कळवावं लागेल. तुझं शेवटचं वर्ष ना?"

"हो," सिवार म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. माझ्या अक्षरातला नकाशा तिच्याकडेच होता. नुसता काढून दाखवला असता तरी सुटली असती.

मागे आई ताट घेऊन आली, सहा कप कॉफीचे. "दारात माणसं उभी आहेत आणि तू कडी धरून बसलायस? लाज आहे का रे? सरक."

"आई, दोन मिनिटं. आधी मला जाऊ दे."

कडी काढली. पुढे म्हातारी, तिच्यामागे गैथ, आणि दोन्ही हातांत मॉडेल धरून सिवार. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग आतल्या शिलाईमशीनकडे.

मी म्हटलं, "गोदाम नाही, हे आमचं घर आहे. पाहणी माझी, खोटं माझं. हिनं फक्त माझ्यावर विश्वास ठेवला." बाहेर पाऊल टाकलं, आणि हे बंद गोदामाचं नाही, रोज उघडणारं-लागणारं घराचं दार आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून ते माझ्यामागे ओढून घेतलं.