कोऱ्या दगडावर आईचा सडा

९ एप्रिल
म्हशाला, गावी आमच्याच घरी मुक्काम. मागच्या कातळावर मंगळाच्या गाडीची चाचणी. जागा मीच सुचवली, कुठून बुद्धी झाली! गाडीच्या हातावरचं उपकरण माझं. सहा वर्षं घासलीत. दगडात फार पूर्वीच्या जिवांच्या खुणा उरल्यात का, ते शोधणारं. परवा समिती बघायला येतेय. पास झालं तर मंगळावर, नाहीतर प्रयोगशाळेच्या कपाटात.
बाबांनी जत्रेतला बैल पाहावा तसं गाडीभोवती फिरून चाकं दाबली. "चढाला बसंल हा." दुपारी चढावर बसली. वैताग.

१० एप्रिल
गाडी चालली एकदाची. खुणा असलेले दगड उपकरणाने बरोबर ओळखले. उद्या कोरा दगड. भट्टीत भाजून आणलेला, त्यात काही म्हणजे काही नाही. त्यावर उपकरणाने गप्प राहायचं. नाही तिथे जीव दाखवणारं यंत्र कोण नेईल? दगड कातळावर मांडला. घरात सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही.

११ एप्रिल
शोभा झाली. समितीला आणायला मुरबाडला गेले, तेवढ्यात घात. कोऱ्या दगडावर उपकरण बोंबलत सुटलं. जीवच जीव! समितीच्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत. मी वाकून दगडाचा वास घेतला. शेण.
आई म्हणे, "हात कुठं लावला गो मी? भोवतीनी सडा टाकला. पाव्हणे येनार, मंग कातळ तसाच ठेवायचा?"
एवढ्या लोकांसमोर हे सांगावं लागलं. बाई हसल्या नाहीत. उद्या एकदाच पुन्हा, म्हणाल्या.
आईवर नको तेवढं ओरडले. ती भांडी घासत राहिली. मग, "तुजी मशीन शोधते तरी काय?"
"तिथे कधी कोणी होतं का, ते."
"मंग बरोबरच बोलली की. आमी हाय ना इथं."
जेवले नाही.

१२ एप्रिल
जोडीचा दुसरा दगड डबाबंद होता म्हणून वाचले.
सकाळी बाहेर आले तर आई पडवीत नुसती बसलेली. बादली पालथी. अंगण कोरडं. आजी गेली तेव्हा सुतकात तेवढं असं पाहिलं होतं.
"अंगणात टाक गं, अंगणाने काही होत नाही."
"नको. उडंल."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच अंगणात वाढले आणि सकाळच्या सड्याचं माझ्याच डोक्यात आलं नाही. चूक तिची नव्हती. हे तिला सांगायचं राहिलंय अजून.
बाई आल्यात. कोरड्या अंगणातून चालत गेल्या, त्यांना काय कळणार. उपकरण दगडाला टेकलंय. आकडे यायला वीस मिनिटं लागतात. आई दारातच उभी आहे, पुढे यायला तयार नाही. म्हणते, "माज्या हाताला वास असंल."