एक वाक्य, तीन वह्या

शनिवार, ता. ९
दुपारी दीड

ती. वहिनींना नमस्कार.

माझं सगळं बदललं ते मंगळवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना, तुम्ही जेवणाच्या टेबलावर थोरलीची वही माझ्यापुढे उघडून ठेवलीत तेव्हा. त्या गोष्टीकडे येतोच. एकदम तिथून सुरुवात केली तर अक्षर असं येईल की तुम्हाला लागणार नाही, म्हणून आधी बाकीचं लिहितो.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय, हसू नका. तोंडाने सांगावं म्हणून काल दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो होतो. दुसऱ्यांदा तुम्ही विचारलंत, काय हवंय भाऊजी, आणि मी शेगडी नीट पेटत नाही यावरून तुमच्याशी वाद घातला. शेगडीला काही झालेलं नाही. मी तोंड उघडलं की आधी भांडण बाहेर पडतं आणि सांगायचं ते आतच राहतं.

मुलांची खुशाली अशी. धाकट्या लवंगीचा ताप उतरला. सकाळी दूध प्यायली आणि कपात फुगे काढले, म्हणजे बरी आहे. मधल्या वकिलाचा दुधाचा सुळा पडला; तो त्याने काडेपेटीत ठेवलाय आणि पुरावा म्हणून जपून ठेवणार म्हणतो, कसला ते सांगत नाही. थोरली वर बॅग भरते आहे. उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही तिला तिच्या आत्याकडे नेऊन सोडणार आहात, निदान वर्षभरासाठी. ते होऊ नये म्हणून हे पत्र.

माझ्यामागून जो कोणी शिकवायला येईल त्याच्यासाठी व्याकरणाची पद्धत लिहून ठेवतो. गणिताला तुम्ही आहात, बाकीचं पुस्तकांतून होतं. व्याकरण मात्र तिघांना एकत्रच द्यावं लागतं. दादांच्या पुलांच्या कामांमुळे तीन गावं आणि तीन शाळा झाल्या, तेव्हा तुम्ही मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंत आणि कॉलेज सोडून रिकामा बसलेला हा चुलतदीर बोलावून घेतलात. पहिले पंधरा दिवस मी सहा, दहा आणि चौदा वर्षांच्या पोरांना तीन वेगळे धडे देत होतो. लवंगीला नाम समजावतोय तोवर वकील टेबलाखाली. वकिलाला काळ शिकवतोय तोवर थोरली पेन मिटून माझ्याकडे दयेने बघतेय. एकदा मी पट्टी आपटली, ती मोडली. मग थोरली म्हणाली, "काका, आई भाजी एकच करते ना? तुम्ही वाक्य एकच द्या. ज्याला जेवढं पचेल तेवढं तो वाढून घेईल."

तेव्हापासून तसं चाललं आहे. रोज फळ्यावर एक वाक्य. लवंगी नामांखाली लाल रेघ मारते आणि खाली त्याचं चित्र काढते. वकील त्याच वाक्याचा काळ आणि वचन बदलतो, बदलताना हरकती घेतो. थोरली प्रयोग ओळखते आणि मग त्याच आशयाची आणखी तीन वाक्यं वेगवेगळ्या रचनेत लिहिते. ती नेमून दिल्याशिवाय एक शब्द वाढवत नाही. फळ्यावर वाक्य एकच, वह्यांत तीन. हा नियम मोडायचा नाही, कारण धाकट्यांना थोरलीचं ऐकून ऐकून पुढचं आपोआप येतं. लवंगीला 'कर्ता' हा शब्द कुणीही शिकवलेला नाही. तरी परवा दूध सांडलं तेव्हा तिने कर्ता मांजर आहे असं सांगितलं.

तो नियम मी मोडला.

आता मावशींबद्दल. म्हणजे मुलांच्या मावशी, तुमची बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून ती सहाला येते, कामाचा डगला न काढता फडताळावरच्या तिन्ही वह्या घेते आणि हिरव्या शाईने तपासते. तुम्हाला उशीर होतो म्हणून ती हे करते, एवढंच. मला मात्र वाटायला लागलं की दिवसभर मी जे फळ्यावर लिहितो ते संध्याकाळी ती वाचते, म्हणजे जगात मला पत्र पाठवायची सोय झाली. वहिनी, लाज वाटते, पण लिहितो. वाक्यं मी मुलांसाठी निवडायचं थांबवलं. एकदा दिलं, 'खिडकीत बसलेली मुलगी कोणाची वाट पाहते?' वकिलाच्या वहीत तिने खाली हिरव्या शाईने लिहिलं, 'बसची.' पोरगं हसून हसून खुर्चीवरून पडलं. मी तो शब्द तीन दिवस मनात घोळवत फिरलो. जिने थट्टेने उत्तर दिलं तिला उत्तर द्यावंसं वाटलं ना, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी तिने लवंगीच्या वहीत 'अक्षर सुधार' लिहिलं, तर मी माझंच अक्षर सुधारायला घेतलं. लग्नाळू बैलाला कुठलीही घंटा सनईच वाटते.

सोमवारी मनाशी ठरवलं की आता उघड विचारायचं. फळ्यावर ते लिहिणं शक्य नव्हतं, वकिलाने उलटतपासणी घेतली असती. म्हणून फळ्यावर मांजर भिंतीवर चढल्याचं वाक्य लिहिलं आणि थोरलीला वेगळ्या चिठ्ठीवर दिलं, तुझा अभ्यास पुढे गेलाय, तुला आजपासून अवघड वाक्य, असं सांगून. तिला किती आनंद झाला. चिठ्ठीवरचं वाक्य तिने उतरवून घेतलं, चिठ्ठी मी परत घेतली आणि फाडली. ते वाक्य तुम्हाला पाठ असेल: 'उद्या चार वाजता वाचनालयाच्या मागच्या दाराशी येशील, तर मनातलं सगळं सांगेन.' आणि त्याखाली तिने नेहमीसारखी तीन वाक्यं केली. 'तू येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.' 'तू आल्याशिवाय माझ्या मनातलं कुणालाच कळणार नाही.' 'उद्या चारला तिथे येशील ना?'

तो गृहपाठ होता, वहिनी. तुम्हाला ते तिने कुणा मुलाला लिहिलेल्या एकाच चिठ्ठीचे मसुदे वाटले. कुणालाही वाटले असते.

तुमची बहीण सोमवारी दुपारीच दुकानातून आठवड्याच्या प्रशिक्षणाला गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. रविवारी वकिलाशी भांडून मी रागाने जेवायला आलो नव्हतो आणि ती बातमी त्या जेवणावर निघाली होती. सोमवारी संध्याकाळी तिच्यासमोर यायच्या लाजेने मी खोलीतच बसून होतो, म्हणून ती आली नाही हेही कळलं नाही. तेव्हा तिने ती वही पाहिलीच नाही. तिला यातलं अक्षर ठाऊक नाही, आधीचंही नाही. हिरव्या शाईत मुलांच्या चुकांपलीकडे काहीही नव्हतं. तिला एका शब्दाने बोलू नका. सोमवारी ती परत आली की हवं तर हे पत्र दाखवा, तोवर मी इथे नसेन.

मंगळवारी ती नाही म्हणून तुम्ही लवकर घरी आलात आणि वह्या तपासायला घेतल्यात. तुम्ही प्रयोगशाळेत रोज नमुने पडताळता, तशा तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्यात. सोमवारचं पान: दोन वह्यांत मांजर, तिसरीत हे. आणि मंगळवार थोरलीचा वाचनालयाचा वार, चार ते पाच, आणि त्या दिवशी ती आली पावणेसहाला. तिला विचारलंत तर ती म्हणाली, काकांनी दिलं. मग मला हाक मारलीत. दारात वकील, खुर्चीवर लवंगी, टेबलापाशी थोरली उभी. तुम्ही विचारलंत, "भाऊजी, हे वाक्य तुम्ही दिलंत?"

मी म्हणालो, "सोमवारी मांजरीचं वाक्य होतं. फळ्यावर अजून आहे, बघा."

मंगळवारी चारच्या नादात मी फळ्यावर नवं वाक्य लिहिलंच नव्हतं, तेव्हा एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो पचला. वकील पुढे होऊन काहीतरी सांगायला लागला, ताईच्या समासात अभ्यासाचे क्रमांक घातलेत असं काहीतरी, तर तुम्ही त्याला बाहेर पाठवलंत, आणि मी दार लावून घेतलं. तुम्ही नाही लावलंत, मी लावलं.

नंतर मी मनाची समजूत घातली की मी तुमच्या बहिणीचं नाव राखलं. चार दिवस ही समजूत खाऊन जगलो. तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मी माझं राखलं.

तुम्ही मुलीपेक्षा माझ्यावर विश्वास का ठेवलात, तेही मला माहीत आहे. इथे आलो त्या दिवशी मी तुम्हाला कॉलेजची गोष्ट सांगितली होती: परीक्षेत नक्कल केली असा आळ आला, मी केली नव्हती, ऐकून घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाच्या टेबलावर फेकून निघून आलो. ती गोष्ट खरी आहे. दादांनाही ती पूर्ण पटली नव्हती. तुम्ही एकट्या म्हणालात की खोटं बोलणारा माणूस एवढा चिडत नाही. मंगळवारी मी चिडलो नव्हतो, वहिनी. अगदी शांत होतो. तुमच्या ते लक्षात आलं नाही.

एक राहिलं. तेच सांगायचं टाळत इथवर आलो.

थोरलीला उशीर झाला तो माझ्यामुळे. सव्वापाचला ती वाचनालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडली, तिथून घर जवळ पडतं, आणि मी तिथे उभा. सव्वा तास उभा राहून डोकं फिरलं होतं. ती म्हणाली, काका, तुम्ही इथे? मी तिच्या अंगावर ओरडलो. इथे काय करतेस, समोरून जायला काय होतं, माझ्यावर पाळत ठेवतेस का. रस्त्यातली दोन माणसं थांबून बघायला लागली. ती लांबच्या रस्त्याने घरी गेली, म्हणून पावणेसहा.

म्हणजे तुम्ही वही पुढे केलीत तेव्हा तिला सगळं माहीत होतं. दार, वेळ, उभा असलेला माणूस. तिने एवढंच म्हणायचं होतं की त्या दाराशी काका उभे होते. ती बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी सांगेन म्हणून. तुम्ही आत्याकडे पाठवायचं म्हणालात तेव्हाही बघत होती. मग तिने नजर काढून घेतली आणि वही मिटली.

गुरुवारी शिकवायला बसलो. तुम्ही धाकट्यांना तिच्यापासून वेगळं बसवायला सांगितलं होतंत, म्हणून आधी ते दोघं, मग ती एकटी. तिने प्रयोग ओळखला, तीन वाक्यं केली, वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "काका, मला आता वेगळं काही देऊ नका. त्या दोघांना द्याल तेच द्या."

रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो, मला ते येतं. तिने मला समजावून सांगितलं, लवंगीला सांगतात तसं. पहिली पद्धत तिनेच शोधून दिली होती, आणि आता ती मोडल्यावर काय करायचं तेही तीच सांगत होती.

तुम्ही तीनला याल. आल्यावर आधी वर जा. मला शोधू नका, दादांना फोन करू नका. त्यांना मी रात्रीपर्यंत स्वतः कळवीन आणि ते काय बोलतील ते ऐकून घेईन. वाचनालयाचं कार्ड तुम्ही कपाटात ठेवलंय, ते तिला परत द्या. बाहेरून परीक्षेला बसायचा तिचा अर्ज मी भरून माझ्या टेबलावर ठेवलाय, फक्त तुमची सही राहिली आहे. आणि तिला धाकट्यांसमोर सांगा की ती खरं बोलली होती. त्या दोघांनी तेव्हा ऐकलं, आताही ऐकायला हवं.

माझ्याबद्दल तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तिची माफी मागायला मघाशी जिना चढलो होतो. दाराच्या फटीतून दिसलं, ती कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती, बॅग बंद होईना म्हणून. मी आत गेलो असतो तर तिलाच मला धीर द्यावा लागला असता. तेवढं तरी तिच्या वाट्याला नको.

पत्र पाकिटात घालत नाही. पाण्याच्या तांब्याखाली ठेवतोय, उघडं. धाकटे शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहेत, वर थोरलीच्या पावलांचा आवाज येतोय. सही करतो, पिशवी उचलतो, बाहेर पडतो आणि दार माझ्यामागे ओढून घेतो.

तुमच्या मुलीपुढे जो गप्प बसला,
तो तुमचा दीर