मूळची सीट

प्रिय रोशनी,

या वयात एवढी उंच मोटरसायकल कशाला, असं तू फोनवर विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. खरं कारण तुलाही ठाऊक होतं, म्हणूनच तू लगेच तिकडच्या पावसापाण्यावर घसरलीस. कोराडीच्या वळणावर तुझी स्कूटर पडली, मागे बसलेल्या बाबांच्या गुडघ्यात रॉड घालावा लागला, आणि तेव्हापासून ते दुचाकीवर बसले नाहीत. तूही हँडलला हात लावला नाहीस. सुट्टीत येतेस तेव्हा बापलेक दोघंही ऑटोने फिरता आणि भाडं कसं वाढलंय यावर बोलता. मला त्यांना पुन्हा मागे बसवायचं होतं. म्हणून लांबच्या प्रवासाची, मागे ऐसपैस जागा असलेली गाडी घेतली. शोरूमवाल्याने चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते मी पर्समध्ये टाकलं आणि घरी येऊन सरबत केलं. बाबांनी सरबत घेतलं, गाडीकडे पाहिलं नाही.

आता माझी फजिती ऐक. माझे पायच जमिनीला पुरेनात. महाल भागातल्या सुमंतच्या गॅरेजमध्ये गेले आणि हट्टाने मागच्या शॉकअपची स्प्रिंग सैल करून घेतली. तो नको म्हणत होता, पण ऐकेन तर मी कसली. गाडी खाली बसली, पाय टेकले, मी खूश. मग चौकात आले तर समोर म्हैस. सगळा जन्म स्कूटी चालवलेली बाई मी, डावा हात आवळला की ब्रेक लागतो हे अंगात मुरलेलं. इथे डाव्या हाताला क्लच. मी आवळतेय आणि गाडी आपली आरामात पुढे चाललीय, ती थेट तर्री-पोह्याच्या ठेल्याला टेकून थांबली. ठेलेवाल्याने विचारलं, तर्री जास्त टाकू का. काय करते, खाऊन आले. त्यानंतर बरेच दिवस घरात बसल्या बसल्या उजवा हात आवळत आणि उजवा पाय दाबत होते. बाबांना वाटलं मला वाताचा त्रास सुरू झाला.

मागे माणूस बसल्यावर गाडी कशी वागते ते शिकायला माणूस मिळेना. शेवटी कळमन्याच्या बाजारातून वर्षाचे गहू आले, त्यातलं एक पोतं मागच्या सीटवर दोरीने आवळलं. बाबांच्या वजनाला कमी पडत होतं म्हणून वर तांदळाची पिशवी बांधली. गल्ली गॅलरीत येऊन पाहत होती, आणि बाबा अंगणात पेपर आडवा धरून. पहिल्याच स्पीडब्रेकरवर खालून स्टँड घासला, वळताना पुढचं चाक हलकं लागायला लागलं आणि हँडल भलतीकडेच ओढायला लागलं. तेव्हा सुमंतचं पटलं. दोन माणसांची गाडी असेल तर शॉकअप घट्टच हवा. तो घट्ट केला तर गाडी पुन्हा उंच, आणि माझे पाय पुन्हा अधांतरी. त्या दिवशी खरंच रडू आलं गं. दोर सोडत होते, तेवढ्यात बाबा काठी टेकत जवळ आले. गव्हाच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "पोत्याले फुटरेस्ट लागत नाही. मले लागते. हा पाय वाकत नाही माहा."

दुसऱ्याच दिवशी ते ऑटोने महालात आणि त्यांच्यापुढे मी गाडीवर. सुमंतने त्यांना उभ्या गाडीवर बसवून पाय किती सरळ राहतो ते पाहिलं आणि त्या बाजूचा फुटरेस्ट खाली घेतला, थोडा पुढेही. मागे पाठीला टेकू लावला. हँडल माझ्याकडे ओढून दिलं, क्लचची दांडी माझ्या आखूड बोटांना पुरेल अशी केली. राहिली माझी सीट. आतला स्पंज कापून बसकी करायची म्हणून सुमंतने पातं हातात घेतलं, तर बाबा म्हणाले, "ते सीट कापू नको गा. दुसरी बनव." का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, नव्या गाडीवर जीव जडला असेल. दुसरी, बसकी सीट शिवून घेतली. शॉकअप घट्ट, गाडी ताठ, आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर.

रविवारी आम्ही सावनेरला गेलो. एवढं एक वाक्य लिहिण्यासाठी मी कितीतरी दिवस थांबले आहे. निघताना बाबांनी माझा खांदा असा धरला होता की वळ उठले. कोराडीचं ते वळण आलं. मी आधीच गती कमी केली, उजव्या हाताने, उजव्या पायाने, आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी वळली. बाबांची पकड जराशी सैल झाली. पाटणसावंगीला चहाला थांबलो तेव्हा ते बशीकडे पाहत म्हणाले, "पोरीनं त्या दिवशी गाडी चांगली सांभाळली होती. रस्त्यावर वाळूच होती, कोणीबी पडलं असतं." मी आणखी एक चहा सांगितला. सावनेरला कांता आजी फाटकात आली, तिला वाटलं जावईच गाडी चालवत आलेत. हेल्मेट काढल्यावर तिने आधी मला शिव्या दिल्या आणि मग शेजारपाजारच्या सगळ्यांना हाका मारून गाडी दाखवली.

परत आल्यावर पाहते तर बाबा खुर्ची ओढून कपाटावर काहीतरी चढवताहेत. ती मूळची सीट. माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, वर प्लास्टिक बांधलेली. मी रागावले, पडाल म्हटलं. ते म्हणाले, "उंच हाये पोरगी आपली. तुह्या सीटवर तिचे गुडघे दुखतीन." मागच्या सीटचं सगळं त्यांच्या पायाच्या मापाचं झालंच आहे, ते तसंच राहील. ते स्वतः तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. या वेळी येताना हेल्मेट घेऊन ये. स्टेशनवर मी गाडीवरून बाबांना आणि ती सीट घेऊन येईन, सीट बदलायला फक्त एक चावी लागते. मग मी ऑटोने येईन तुमच्या मागून. बाबांना तुझ्या मागे बसायचं आहे.

तुझीच, सध्या पुढच्या सीटवर असलेली,
आई